फरशीखालची हाक

फार फार वर्षांमागे डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि त्या गावाला एकच विहीर होती.

गावाची एक रीत होती. सकाळी पहिली घागर भरायला जी बाई येई, ती काठावरून वाकून आधी विचारी, "आहेस का?" विहीर तिच्याच आवाजात परत विचारी, "आहेस का?" उत्तर लगेच आलं तर पाणी वर आहे, उशिरा आलं तर खाली गेलंय. उत्तर आल्याशिवाय कुणी पोहरा सोडत नसे.

गावाच्या वरच्या अंगाला माळ होता. माळावर पाच जुने खड्डे होते, तळापर्यंत गोट्यांनी भरलेले. ते कुणी खणले हे कुणालाच ठाऊक नव्हतं. पावसाचं पाणी माळावरून वाहत यायचं, खड्ड्यावर गरगर फिरायचं आणि दिसेनासं व्हायचं. म्हणून लोक त्यांना 'गिळे' म्हणत. दर ज्येष्ठात सारं गाव वर जाऊन त्यांतला गाळ उपसून यायचं.

त्या गावात एक पाथरवट राहायचा. त्याने बसवलेल्या दोन दगडांच्या मधून केससुद्धा जात नसे, आणि याचा त्याला भारी अभिमान होता.

एकदा एक शेठ आला. त्याला माळ आवडला. तिथे त्याने पेठ वसवायला घेतली. दुकानं, धर्मशाळा, मधोमध मोठा चौक. चौकाच्या फरशीचं काम पाथरवटाला मिळालं.

पाथरवटीण म्हणाली, "अहो, गिळे बुजवू नका. पाच ठिकाणी दगडी जाळी बसवा. नाहीतर पाणी जाईल कुठं?"

पाथरवटाने ते शेठच्या कानावर घातलं. शेठ हसला.

"पाणी काय, उतार बघून जाईल आपोआप खाली. आणि चौकात पाच भोकं? लोक म्हणतील, पाथरवटाला दगड पुरले नाहीत!"

तेवढं बोलणं पाथरवटाला झोंबलं. चार गिळे त्याने झाकून टाकले. पाचव्यावर शिळा सरकवताना गंमत म्हणून तो वाकला आणि मोठ्याने म्हणाला, "आहेस का?"

उत्तर आलं नाही. मनातल्या मनात पन्नास मोजेपर्यंत तो थांबला. मग हसला, शिळा बसवली, सांध्यात चुना भरला आणि हात धुतले.

त्या पावसाळ्यात फरशीवरून पाण्याचे लोंढेच्या लोंढे खाली आले. गावाच्या गल्लीतून गेले, दोन गोठ्यांच्या भिंती घेऊन नदीला मिळाले. "यंदा पाणी रग्गड!" असं लोक म्हणाले. पण दिवाळीत विहिरीचं उत्तर यायला तीनपर्यंत मोजावं लागलं. संक्रांतीला सहापर्यंत. चैत्रात एका सकाळी पाथरवटिणीने हाक मारली आणि विहीर गप्प राहिली. बायका रिकाम्या घागरी घेऊन तशाच उभ्या. दुसऱ्यांदा हाक मारायला कुणी धजेना.

त्याच आठवड्यात पेठेत कुजबुज सुरू झाली. ऐन बाजारात, भर दुपारी, फरशीखालून कुणीतरी विचारायचं, "आहेस का?" कापडवाल्याने ऐकलं, धर्मशाळेच्या आचाऱ्याने ऐकलं. रोज वेगळ्या बाईचा आवाज.

शेठने पाथरवटाला बोलावलं. "खाली घुशी शिरल्यात. बघ जरा."

"शेठजी, घूस बोलते का?"

"भित्र्याशी बोलतेच! तुझ्या सांध्यातून घूस शिरली असेल, तर नाव तुझं जाईल, माझं नाही."

वैशाखातला दिवस होता. पाथरवट हातोडा-छिन्नी घेऊन निघाला, तेव्हा बायको म्हणाली, "मी आज विहिरीत उतरते. तळाला ओल आहे. वाटीने खरवडलं तर हंडाभर तरी निघेल."

तो वर पोचला आणि आभाळ एकदम काळवंडलं. वळीव कोसळला. बघता बघता चौकभर पाणी झालं आणि उताराने गावाकडे धावलं. पाथरवट एका दुकानाच्या पडवीत उभा होता. पाचवी शिळा समोरच होती. तिच्याखालून आवाज आला.

"अहो! वरून लोंढा येतोय! दोर गेला वाहून!"

आवाज त्याच्या बायकोचा होता. गोठ्यांच्या भिंती आता आड नव्हत्या; हा लोंढा नदीकडे न वळता गल्लीतून थेट विहिरीच्या काठावरून आत पडणार, आणि धावत सुटलो तरी आपण वेळेवर पोचणार नाही, हे त्याला कळून चुकलं. त्याने हातोडा उचलला आणि शिळेवर घातला.

"अरे, वेड लागलं का तुला?" शेठ दुकानातून ओरडला. "तुझ्याच हातचं काम आहे ते!"

"म्हणूनच कुठं फुटेल ते मला ठाऊक आहे!"

पाचवी फुटली. मग चौथी, मग तिसरी. पाणी थबकलं, भोकांभोवती गरगरलं आणि घटाघटा खाली गेलं. पाचही गिळे उघडले, तेव्हा उतारावर जेमतेम ओहोळ उरला होता.

पाथरवट धापा टाकत विहिरीवर आला. बायको काठावर बसली होती, चिखलाने माखलेली.

"डोक्यावर पाणी पडत होतं," ती म्हणाली. "मग एकाएकी थांबलं. भिंतीतल्या खोबण्या चाचपत वर आले."

"बरं झालं मला हाक मारलीस."

"मी? नाकातोंडात पाणी होतं. हाक कुठली मारतेय?"

पाथरवटाने वळून माळाकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी शेठ तावातावाने आला. "फरशी भरून दे माझी!"

"उद्या सकाळी विहिरीवर या, शेठजी. मग सांगाल ते करतो."

तिसऱ्या दिवशी सारं गाव विहिरीवर जमलं. शेठही आला. पाथरवटिणीने वाकून विचारलं, "आहेस का?"

उत्तर लगेच आलं. पण आवाज तिचा नव्हता. पुरुषाचा होता, थट्टेचा, मोठ्याने मारलेली हाक. वर्षापूर्वी पाचव्या गिळ्यात टाकलेला आपला आवाज पाथरवटाने ओळखला. खाली कमरेइतकं पाणी चमकत होतं.

शेठने काठावरून वाकून ते पाणी पाहिलं. मग तो हळूच म्हणाला, "पाथरवटा, जाळ्या किती लागतील?"

"पाच. आणि पेठेत नवं घर बांधाल, तेव्हा पायाआधी एक गिळा."

तेव्हापासून दर ज्येष्ठात गाव आणि पेठ मिळून गाळ उपसू लागले. पाथरवटही असायचा. पाचव्या गिळ्यापाशी त्याने पुन्हा कधी हाक मारली नाही. जाळीला कान लावून तो नुसता ऐकायचा.

तात्पर्य: जमीन झाकणाऱ्याने पाण्याला आत उतरायची वाट ठेवावी. ती बुजवली, तर तेच पाणी लोंढा होऊन दारात येतं आणि विहीर कोरडी ठेवून निघून जातं.