राघूची साक्ष आणि राजाचा प्रश्न

एका राज्यात माणसांची साक्ष धरत नसत, पोपटाची धरत. माणूस पदरचं घालतो, पोपट घालत नाही, असा तिथल्या पंडितांचा सिद्धान्त होता, आणि पंडितांपुढे बोलणार कोण? दरबारात सोन्याच्या दांडीवर एक म्हातारा राघू बसे. तो बोले ते खरं ठरे. मग घरोघरचे पोपट तेच घोकू लागत आणि साऱ्या नगराला ते पटे.

त्याच नगरात राणीचे दागिने गाठवणारी तुंगा राहत असे. हात हलका आणि स्वभाव मुलखाचा चौकस. एके सकाळी राणीचा माणकांचा हार नाहीसा झाला. राघू बोलला, "तुंगेने हार घेतला." राजाने ऐकलं, शिक्षा सांगितली, आणि तुंगेची रवानगी किल्ल्याखालच्या भुयारात झाली. तिची लेक केतकी तेव्हा रांगत होती.

केतकीची वेणी कमरेपर्यंत आली, तेव्हा दरबारात ये-जा करणारा शंखनाथ नावाचा मांत्रिक मेला आणि हार त्याच्याच गळ्यात सापडला. राजाने तुंगेला सोडलं. एक लुगडं दिलं, नारळ दिला, "झालं ते झालं" म्हणाला. ती घराकडे निघाली, तर ओसरीओसरीवरचे पोपट ओरडू लागले, "तुंगेने हार घेतला." लोक म्हणाले, राघू काय खोटं बोलेल? दोघांनी मिळून घेतला असेल.

घराशी आली, तर दाराला आतून कडी.

"केतकी, मी तुझी आई."

"माझ्या आईने हार घेतला," आतून आवाज आला. "कळायला लागल्यापासून मी हेच ऐकते आहे. तुम्ही जा."

तुंगा पायरीवर बसून पोटभर रडली. पण रडतानाही तिचा चौकसपणा काही गप्प बसेना. पोपट शिकवल्यावाचून बोलत नाही. मग याला शिकवलं कोणी? इतकी साधी गोष्ट एवढ्या मोठ्या दरबारात कुणी विचारली कशी नाही? डोळे पुसून ती तडक राघूकडे गेली.

"राघोबा, तुला हे कोणी शिकवलं?"

राघूने मान वाकडी केली. "माझी जीभ मंत्राने बांधली आहे. ज्या पाण्यावर तू भुयारात जगलीस, ते मला पाज. ज्या माणकात हार चोरणाऱ्याचा आवाज अडकला आहे, ते माझ्या जिभेखाली ठेव. आणि हाच प्रश्न राजाच्या तोंडून येऊ दे. याहून जास्त मला बोलता येत नाही."

तुंगा भुयाराशी आली आणि दारापुढे उभी राहिली. उभीच राहिली. पहारेकरी म्हणाला, "बाई, कुलूप नाही आता. लोटा की दार."

"हात उचलत नाही, दादा. इतकी वर्षं दार दुसऱ्यानेच उघडलं." शेवटी त्यानेच दार लोटलं. आत पाझर तसाच गळत होता.

"परत आलीस?" भिंतीने विचारलं.

"पाण्यापुरती," तुंगा म्हणाली. तिने लोटी भरली आणि मागे न पाहता बाहेर आली.

मग ती राणीकडे गेली. परत मिळालेला हार सुटून पडला होता. दुसऱ्या कुणी गाठवला की माणकं सकाळी जमिनीवर विखुरलेली सापडत. राणी म्हणाली, "गाठव. पण मी इथून हलणार नाही." तुंगेच्या बोटांवर डोळे रोखून ती बसली. अपमान गिळून तुंगेने माणिकामागून माणिक ओवलं. एक मात्र दोरा घेईना. कानाशी धरलं, तर आत पुरुषाचा श्वास चालला होता. राणीने ते ऐकलं आणि तिचा चेहरा पांढरा पडला.

"हे ने इथून," ती म्हणाली.

राहिला राजा. त्या राज्यात राजे प्रश्न विचारत नसत. विचारणं म्हणजे ठाऊक नसणं, आणि राजाला ठाऊक नाही असं कसं चालेल? भरल्या दरबारात तुंगा म्हणाली, "महाराजांनी राघूला एक प्रश्न विचारावा."

"राजे सांगतात. विचारत नाहीत."

"त्या दिवशी सांगितलंत, महाराज. माझ्या लेकीचं बाळपण त्यात गेलं."

राजा अस्वस्थ झाला. मुकुट मागे सारून म्हणाला, "विचारायचं तरी काय?"

प्रधानाला ठसका लागला. राजाने प्रश्न विचारला होता, आणि छत काही कोसळलं नव्हतं. राजालाही त्याचं नवल वाटलं. तुंगेने राघूला पाणी पाजलं, माणिक जिभेखाली ठेवलं, आणि राजाने दुसरा प्रश्न विचारला, "राघू, तुला हे कोणी शिकवलं?"

राघूने चोच उघडली. आवाज मेलेल्या शंखनाथाचा निघाला.

"हार माझ्या झोळीत आहे. पण तू म्हण, तुंगेने हार घेतला. म्हण, पेरू देतो."

माणकाची राख झाली. राघूने पंखांत मान घातली. "पेरू गोड होता," तो स्वतःच्या आवाजात म्हणाला. सभेत कुणीच हसलं नाही.

राजा सिंहासनावरून उतरला. "तुंगाबाई, चूक माझी. मी विचारलं नाही." त्या दिवसापासून त्या राज्यात कुणी साक्ष दिली, की राजा आधी विचारी, तुला हे कोणी शिकवलं?

दिवस कलेपर्यंत ओसरीओसरीवरचे पोपट शंखनाथाच्या आवाजात बोलू लागले, "म्हण, पेरू देतो." लोक खाली मान घालून आपापले पिंजरे आत नेऊ लागले.

तुंगा घराशी आली आणि सवयीने दारापुढे उभी राहिली. आत बांगड्या वाजल्या.

"आई?"

"हो."

"मघाच काढली मी कडी. दार नुसतं लोटलेलं आहे."

तुंगेने आपल्या हाताकडे पाहिलं. मग तो उचलला आणि दार ढकललं.