अंजिरांना झगा म्हणणारा कवी

“पण बाबा, दिलेली कविता परत कशी मागायची?”

स्टेफानोसनं तिसऱ्यांदा तेच विचारलं. मठाच्या अंगणात म्हातारे अँथिमोस शेंगा सोलत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

स्टेफानोस हा कॉन्स्टँटिनोपलमधल्या एका बड्या सरदाराच्या पदरचा कवी. त्या नगरीची रीतच होती. सरदारानं भेट धाडायची, कवीनं आभाराची कविता; तीही त्याच दिवशी, भेट आणणाऱ्या नोकराच्याच हाती. दर वर्षी क्रुसाच्या सणाला सरदाराकडून केसाळ कातड्याचा झगा येई. आमचे कविराज हुशार. यंदा त्यांनी आठ दिवस आधीच कविता रचून, मोहोर लावून तयार ठेवली. सकाळी नोकर आला, त्यानं झाकलेली टोपली ठेवली. यांनी ऐटीत कविता त्याच्या हाती दिली, त्याला वाटेला लावलं आणि मग टोपली उघडली.

आत अंजिरं होती...

त्याच्या तोंडचं पाणी पळालं. तो रस्त्यापर्यंत धावला, पण नोकर घोड्यावरून कधीच निघून गेला होता.

झग्याच्या उबेवर बारा ओळी. उद्या त्या भरल्या बैठकीत मोठ्यानं वाचल्या जाणार. लोक हसतील ते हसतील. सरदाराला वाटेल, अंजिरं दिली म्हणून हा मला टोमणा मारतोय. त्यानं हाकललं, तर दुसरं कुणी दारात उभं करणार नव्हतं.

अँथिमोस सरदाराचे लहानपणचे गुरू. त्यांचा शब्द तो मोडणार नाही, म्हणून हा धावत मठात आला होता. रिकाम्या हातानं कसं जायचं, म्हणून येताना तीच टोपली, जशीच्या तशी, उचलून आणली होती.

“ही तुमच्यासाठी,” तो म्हणाला. “फक्त दोन ओळी लिहून द्या त्यांना. वाचू नका म्हणावं.”

अँथिमोसनी हात पुसले.

“सोबत चिठ्ठी होती?”

“होती.”

“काय लिहिलंय?”

“झग्याबद्दल काही नाही.”

अँथिमोसनी हात पुढे केला. स्टेफानोसनं चुरगळलेली चिठ्ठी काढून दिली. म्हाताऱ्यानं ती डोळ्यांजवळ धरून मोठ्यानं वाचली. सरदारानं लिहिलं होतं, की बापानं लावलेल्या झाडाला यंदा पहिल्यांदा फळ धरलं. स्वतः शिडीवर चढून तोडली. घरात अजून कुणी चाखलेली नाहीत.

स्टेफानोसनं मान खाली घातली. हे सगळं त्यानं सकाळी वाचलं होतं, आणि त्यातलं काही त्याच्या ध्यानात राहिलं नव्हतं. त्याला लाज वाटली. पण भीती लाजेहून मोठी होती.

“बाबा, उद्या भरल्या बैठकीत सरदार मलाच विचारतील. मी काय दिलं तुला, म्हणतील...” त्यानं विचारलं, “मला काय मिळालं म्हणून सांगू?”

अँथिमोसनी टोपली उचलली आणि त्याच्या मांडीवर ठेवली.

“आधी मिळू तर दे.”