फिरता करंडक

वाई आणि भोरच्या भटक्यांची दरवर्षी मैत्रीची स्पर्धा असे. एका गावाने डबी लपवायची, दुसऱ्याने त्यांनी मोबाइलच्या नकाशावर दिलेल्या खुणेवरून शोधायची. जिंकेल त्याच्याकडे फिरता करंडक. चार वर्षं तो वाईच्या पिसाळ वकिलांच्या कपाटातच होता.

"मला सापडणार नाही अशी जागा अजून व्हायची आहे," चहाला आलेल्या भोरच्या कोंढाळकरबाईंना ते म्हणाले. यंदा डबी बाईच लपवणार होत्या.

दुसऱ्या दिवशी नकाशाने वकिलांना त्यांच्याच घरी आणलं. मोबाइल बिघडला म्हणत ते दिवसभर डोंगर धुंडाळत राहिले. संध्याकाळी बाईंनी कपाटातल्या करंडकाचं झाकण काढून आतली डबी दाखवली.

"करंडकात कोण बघतं?" वकील चिडले.

"बघायची गरजच नव्हती, वकीलसाहेब. फिरता करंडक आहे. नुसता जागचा हलवला असतात, तरी डबी वाजली असती."

वकिलांनी करंडक स्वतः भोरच्या गाडीत नेऊन ठेवला.