ळ उठून गेला तेव्हा

आटपाट संगणक होता. त्यात अक्षरांचा पाट मांडला होता. पाटावरच्या प्रत्येक घराला दोनच गोष्टी ठाऊक होत्या, आपलं अक्षर आणि आपले शेजारी. शेजाऱ्याला विचारत विचारत शब्द जुळायचे.

"कोणापासून शब्द सुरू होतो रे?" पाट विचारायचा. सगळे ओरडायचे. ळ मात्र मान खाली घालून बसायचा.

"याच्यापासून एक तरी शब्द सुरू होतो का?" क फिसकारला. "फुकट जागा अडवतोय. ऊठ!"

ळ बिचारा उठून पाटाबाहेर गेला.

"चला गड्यांनो," पाट खुशीत म्हणाला, "सुरू करू या खे..."

'खे'ने शेजाऱ्याला विचारलं. तिथे होतं कोण?

"खे... खे... खे..." पाटाला खोकलाच लागला.

"ये रे बाबा परत!" शेवटी 'क'नेच हाक मारली.

ळ 'खे'शेजारी टेकला. "सुरुवात तुम्ही करा रे, शेवट मी सांभाळतो."

आणि खेळ सुरू झाला.