ब्रह्मदेवाची गाठ

सोनगिरीच्या राज्यात कोंडाई आणि येसू या दोन विणकर बायका वीस वर्षं एका घरात जोडीनं नांदत होत्या. येसूनं अंथरूण धरलं. ती गेली, तर तिच्या नावावरचं घर कायद्यानं भावांकडे जाणार आणि कोंडाई रस्त्यावर येणार होती. म्हणून कोंडाईनं राजाकडे अर्ज केला, "सरकारी वहीत आमचं लग्न लिहून घ्या."

राजपुरोहित भास्करशास्त्री दरबारात गरजले, "महाराज, लग्नाच्या गाठी ब्रह्मदेव बांधतो! सरकारनं त्यात हात घालू नये."

सगळ्यांनी माना डोलावल्या. राजानं कोंडाईकडे पाहिलं.

"शास्त्रीबुवा बरोबर बोलले," ती शांतपणे म्हणाली. "आमची गाठ आईबापांनी जमवली नाही, भटजींनी लावली नाही. गावानं तोडायला बघितली, तरी वीस वर्षं सुटली नाही. मग ती बांधली कोणी, ते शास्त्रीबुवांनीच सांगावं."

शास्त्रीबुवा उपरणं सावरत आपल्या जागी जाऊन बसले.

राजा म्हणाला, "ब्रह्मदेवानं बांधलेली गाठ सोडवणारे आम्ही कोण? सरकारनं फक्त लिहून घ्यायचं."

कारकुनानं दोघींची नावं लिहिली. कोंडाईनं अंगठा उठवला आणि येसूला सांगायला ती घराकडे जवळजवळ धावतच सुटली.