परीची काठी आणि खड्डा

बांबूच्या बनाशेजारी सोनकी नावाची मुलगी राहायची. तिची आई टोपल्या विणायची आणि सोनकी बोटांनी चाचपून कामट्या निवडायची, कारण तिला डोळ्यांनी दिसत नव्हतं. एकदा पोरांनी 'सरळ जा' सांगून तिला बोरीच्या काट्यांत घातलं होतं. तेव्हापासून ती ताकही फुंकून प्यायची.

एका सकाळी बनात मोरपिशी पंखांची, दवाच्या टिकल्या ल्यालेली इवलीशी परी उतरली. तो सगळा लखलखाट सोनकीवर वायाच गेला. तिला फक्त केवड्याचा वास आला, आणि वासावर ती भाळणारी नव्हती.

परीनं तिच्या हातात आखूडशी चंदेरी काठी दिली. वाटेत काही आडवं आलं की मुठीतलं घुंगरू किणकिणायचं. काठी जमिनीला टेकवावीसुद्धा लागत नाही, असं परीनं कौतुकानं सांगितलं.

"फुकट?" सोनकीनं विचारलं. "मग पाणी कुठंतरी मुरतंय."

अट होतीच. सूर्य मावळताना काठी कशी वाटली ते सांगायचं. छान म्हटलं, तर काठी सोनकीची, आणि तशीच काठी न दिसणाऱ्या प्रत्येक लेकराला. नावं ठेवली, तर काठी नाहीशी.

सोनकीनं आपली जुनी बांबूची काठी काही सोडली नाही. उजव्या हातात नवी, डाव्या हातात जुनी. झाड आलं, घुंगरू वाजलं. म्हैस आली, वाजलं. वाकलेली फांदीसुद्धा कपाळाला लागण्याआधी कळली. आईचा हात न धरता ती पहिल्यांदाच बनापलीकडे गेली. तिला इतका आनंद झाला की तिला त्या आनंदाचाही संशय आला.

तेवढ्यात डाव्या हातातली काठी एकदम खाली गेली. पुढं कमरेइतका खड्डा होता आणि घुंगरू गप्प. सोनकीनं मागं होऊन चंदेरी काठी तीनदा खड्ड्यावर धरून पाहिली. तिन्ही वेळा घुंगरू गप्पच.

आभाळ केशरी झालं तशी परी आली. सोनकीनं चंदेरी काठी छातीशी धरली. छान म्हटलं की ती आपली. पण दुसऱ्या लेकराच्या डाव्या हातात काही नसलं, तर?

"खड्ड्यापाशी ही गप्प बसते," ती म्हणाली आणि रडू लागली. काठी हातातच विरून गेली.



"मला पंख आहेत गं," परी हळूच म्हणाली. "खड्डा कधी मनातच आला नाही. आणि काठी कशी झालीय हे विचारलं, तेही सगळं पऱ्यांनाच. आता तू सांग, कशी करू?"

सोनकीनं नाक पुसत सांगितलं. काठी जमिनीला टेकेल एवढी लांब हवी. घुंगरू राहू दे. चांदी नको, बांबू हवा, म्हणजे मोडली तर कुणाचीही आई टोपलीच्या मोलात दुसरी करून देईल.

परीनं तिची जुनी काठी मागितली. सोनकी घुटमळली, मग दिली. काठी परत हातात आली तेव्हा तिच्या मुठीत घुंगरू बसलेलं होतं.

"प्रत्येक लेकराला अशीच," परी म्हणाली. बनभर सोनेरी उजेड पसरला आणि परी त्यात मिसळून गेली. सोनकीच्या गालांवर ऊब आली, केवड्याचा वास गेला.

सोनकी घराशी आली तेव्हा नवी काठी कशी आहे, असं आईनं दारातून विचारलं.

"बघून सांगते," सोनकी म्हणाली आणि एकटीच त्या खड्ड्याकडे निघाली.