झुपकीचा चिंचोका

जंगलात राजा जाऊन अध्यक्ष आला, तेव्हाची गोष्ट. प्रत्येक जातीनं एक प्रतिनिधी निवडायचा आणि प्रतिनिधींनी वडाच्या ढोलीत बी टाकून अध्यक्ष निवडायचा. कासवासाठी चिंचोका, रानडुकरासाठी जांभळाची बी.

खारींनी झुपकीला धाडलं. "कासवदादांनाच हं! डुक्कर आलं तर एक झाड उभं ठेवणार नाही."

रांग लांबलचक होती. उभ्या उभ्या झुपकीच्या पंजांनी सवयीनं माती उकरली, गालातला चिंचोका पुरला आणि वर पाला सारला. ढोलीपाशी पोचली, तर गाल रिकामा!

मतं सारखी पडली. चिठ्ठीत डुकराचं नाव निघालं.

"दिलंस ना गं मत?" खारींनी विचारलं. झुपकीनं मातीचे पंजे पुढे केले. प्रत्येकीनं हळूच आपापले पंजे पाहिले.

पुढच्या निवडणुकीलाही त्यांनी झुपकीलाच धाडलं. रांगेच्या वाटेवर आता चिंचेचं झाड होतं. त्याच्याखाली झुपकी उभी राहिली, दोन्ही पंजे पाठीमागे घट्ट धरून.